बदाम, बडीशेप, खडीसाखर

बदाम, बडीशेप आणि खडीसाखर समप्रमाणात घ्यायची. बदाम भिजवून, सोलून, पुन्हा सुकवून घ्यायचे. बडीशेप मंद आचेवर जराशी गरम करायची. खडीसाखर वेगळी कुटायची. मग तिन्हींची मिक्सरमधून बारीक पूड करून कोरड्या बरणीत भरायची. सकाळी अनशापोटी दोन चमचे, झोपताना दोन चमचे, कोमट दुधातून. चष्मा जातो.

हे मी त्रेसष्ट जणांना सांगितलं. आकडा अंदाजाचा नाही, नंतर यादी करून मोजलेला आहे. त्या सगळ्यांच्या आधीचा पहिला माणूस माझा नवरा. तो जळगावात बायकांचे कपडे शिवतो. शिवायचा, असं लिहायला हवं. आता उशांचे अभ्रे आणि पडदे शिवतो, कारण त्यांची शिलाई सरळ असते.

मी एका मुलींच्या वसतिगृहाची कोठी सांभाळते. तूरडाळ किती उरली, गॅस कधी लावला, कुठल्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, सगळं लिहिलेलं असतं. मुली मला मॅडम म्हणतात, आणि घरी नवराही चेष्टेनं मॅडमच म्हणतो. लिहून ठेवलं की काही निसटत नाही, असं मी वर्षानुवर्षं त्या मुलींना ऐकवत आले. बदामाला दोष देण्याआधी या वाक्याला द्यायला हवा.

नवऱ्याला चाळिशी लागली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. उशिराच म्हणायची. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, चष्मा आला, आणि त्या दिवसापासून त्याचं आणि चष्म्याचं वैर सुरू झालं. आमच्याकडचा उन्हाळा असा, की दुकानात पंख्याखाली बसूनही घाम नाकावरून ओघळतो. चष्मा घसरायचा. तो कपाळावर चढवून ठेवायचा आणि कटिंगच्या टेबलावर शोधत बसायचा. गिऱ्हाइकं चेष्टा करायची.

"मास्तर, आता तुम्ही काका झालात हं."

"काका नाही ताई, आजोबाच. ब्लाउजचा गळा कुठे संपतो तेच दिसत नाही."

हसून म्हणायचा, पण एकदा खरंच बिनचष्म्यानं एका लग्नातल्या ब्लाउजचा गळा त्यानं अर्धा इंच जास्त कापला. ते कापड त्या बाईनं साडीशी रंग जुळवून खास आणलेलं होतं. ती नुसती कापडाकडे बघत राहिली. त्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, दीडशे पोरींची कोठी चालवतेस. माझ्या दोन डोळ्यांचं काहीतरी बघ की."

माझी थोरली बहीण सोनगीरला असते. मी तिला अक्का म्हणते. दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले होते तेव्हा धुळ्याला एका मंगल कार्यालयात चष्मामुक्तीचं शिबिर होतं. मी तिला ओढत नेलं. तीन दिवस, सकाळचं सत्र. व्यासपीठावरचा माणूस पांढऱ्या कपड्यातला, बोलायला गोड. चष्मा म्हणजे डोळ्यांची कुबडी, तो म्हणाला. कुबडी फेका, पाय आपोआप चालतील. शेवटच्या दिवशी त्यानं एक मोठी वेताची टोपली फिरवली आणि ज्यांची तयारी असेल त्यांनी चष्मे त्यात टाकावेत असं सांगितलं. लोक खरोखर टाकत होते. शेजारच्या एका बाईंनी डोळ्यातलं पाणी पुसून चष्मा टाकला.

टोपली आमच्यापुढे आली तेव्हा अक्कानं चष्मा दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. "मी नही देसू. दायमाना खडा कोन दखी मंग?" डाळीतला खडा दिसायला हवा, एवढंच तिचं म्हणणं. टोपली पुढे गेल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हाऊ माणूस या बठ्ठा चष्मा कोठे लई जाई वं?"

मला तिचा राग आला. मी अकरा पानं लिहून घेतली होती. ती मात्र चष्मे कुठे जाणार याचा विचार करत होती. आता वाटतं, त्या सभागृहात नेमका प्रश्न तिनं एकटीनंच विचारला.

जळगावला आल्यावर मी दोनशे पानी लांब वही आणली आणि रकाने आखले. उठण्याची वेळ. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुणे. दवातून अनवाणी चालणे. उगवता सूर्य पाहणे. तळवे चोळून डोळ्यांवर ठेवणे. पूड, दोन वेळा. मोरावळा, एक आवळा, पाकासकट. पाणी किती ग्लास. वजन. मग दोन रकाने दृष्टीचे: जवळचे आणि लांबचे. शेवटी शेरा. दर रविवारी परीक्षा. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशींएवढं बारीक छापलेलं काही नसतं, म्हणून त्या वाचायच्या, चष्म्याशिवाय, हातभर अंतरावरून.

नवऱ्यानं सगळं निमूट केलं. दवातून चालायला आमच्या कॉलनीत गवत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या प्लॉटवर जायचो. तिथे गवतापेक्षा काटे जास्त. तो एका पायावर उभा राहून काटा काढायचा आणि म्हणायचा, "डोळे सुधारतील तेव्हा सुधारतील, पायाला मात्र आता सगळं दिसायला लागलंय."

पहिले पाच-सहा रविवार काही फरक नाही. वहीत तसं लिहिलं आहे. मग एका रविवारी त्यानं नोटिशीची पहिली ओळ वाचली. पुढच्या रविवारी अर्धी नोटीस. जानेवारीत एकदा त्यानं आख्खी नोटीस घडाघडा वाचली, अमुक गट नंबरची जमीन, चतुःसीमा, हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत. वाचून झाल्यावर पेपर खाली ठेवला आणि सुईदोरा मागितला. खिडकीपाशी उभा राहून पहिल्या झटक्यात ओवला. मग काढला, परत ओवला. चार वेळा. चौथ्या वेळी त्याचा आवाज बदलला होता.

"मॅडम, दिसतंय गं. अगदी पंचविशीतल्यासारखं."

त्यानं चष्मा घरात आतल्या कप्प्यात ठेवायला माझ्या हातात दिला. "कोठीत जमा कर," म्हणाला. मी हसत हसत वहीत लिहिलं: चष्मा, एक नग, जमा. त्या दिवसाइतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

पुढे जे झालं त्यात मी स्वतः होते, म्हणून काही सूट न घेता लिहिते. मला ते आवडलं. लोकांनी विचारणं, मी सांगणं, त्यांनी लिहून घेणं. वहीतल्या वेळापत्रकाची मी स्वच्छ अक्षरात एक प्रत केली, तिचा फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलींच्या ग्रुपवर टाकला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम, पण कॉलनीतल्या बायकांनी नवऱ्याला मुद्दाम बोलावून घेतलं. तो दारात उभा, हातात सुई, समोर चाळीस बायका.

"मास्तर, खरंच दिसतंय की सवयीनं ओवताय?"

"डोळे मिटून ओवून दाखवू का? मग तर पटेल."

"अहो, आमच्या यांनाही पाठवते मी मॅडमकडे."

"पाठवा, पण सांगून पाठवा. पाच वाजता उठवतात, हजेरी घेतात, आणि काटे आपले आपण काढायचे."

सगळ्या हसल्या. त्यानं दोरा ओवला. एक म्हातारी पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवून गेली. कुणीतरी त्याच्या तळहातावर दोन-तीन तिळाचे लाडू ठेवले आणि त्यानं ते तिथेच उभ्या उभ्या खाल्ले. हल्ली त्याला गोड फार आवडायला लागलं होतं. तेही मला दिसलं होतं. त्याला रकाना नव्हता.

फेब्रुवारीपासूनच्या नोंदी मी आता इथे जशाच्या तशा देते, कारण त्या माझ्याच अक्षरात आहेत. पाणी: अकरा ग्लास, छान. पाणी: चौदा, उत्तम. पाणी: सोळा, अति उत्तम. वजन: चार किलो कमी. वजन: सात किलो कमी, पोट गेले. शेरा: स्वतःच्या दोन पँटी कंबरेत आत घेतल्या. महिन्यानं पुन्हा शेरा: त्याच पँटी परत आत घेतल्या. तो शिंपी, त्याला वेळ कितीसा लागतो. मशीनवर बसला, कंबर उसवली, दोन इंच घेतली, उठला. "तुझ्या हातचं जेवून बारीक होणारा मी पहिलाच," म्हणाला. दुकानात येणाऱ्या बायका म्हणायच्या, मास्तर, वय कमी झालं तुमचं. मी मान डोलवायची.

लांबच्या रकान्यात काय आहे? एकदा असोद्याला लग्नाचे ब्लाउज पोचवायला तो मोटारसायकलनं गेला होता. परत आला तो वैतागलेला. समोरून येणाऱ्या गाडीवरची पाटी जवळ येईपर्यंत दिसली नाही, म्हणाला, आणि ओळखीच्या माणसानं हात केला तोही कोण ते कळलं नाही. "जवळचं लख्ख झालं आणि लांबचं धुक्यात गेलं, मॅडम. असं असतं का?" मी लिहिलं: लांबचे, कच्चे. पुढच्या टप्प्यात घेणे. जणू ते गणितातलं मागे राहिलेलं प्रकरण होतं.

मार्चमध्ये अक्का आली. दारातच थांबली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "पाव्हना इतला सुकाई ग्यात कसा वं?"

"सुकले नाहीत अक्का, फिट झालेत. वही बघ, वजन कसं उतरलंय."

"वही नको दखाडू माले. तोंड दख त्यानं. दवाखानामा लई जाय."

मी वही कपाटात ठेवली आणि चहा टाकला. तिनं दवाखान्याचं दोनदा काढलं. मी दोनदा म्हटलं, उन्हाळा सुरू झालाय, उन्हानं माणूस वाळतोच. ती गेल्यावर मला हलकं वाटलं, हेही खरं.

मे महिना. लग्नसराई. मी दुपारी डबा घेऊन दुकानात गेले होते. नवरा एका मोतिया रंगाच्या ब्लाउजला हेम घालत होता आणि मधूनमधून बोटाच्या चिमटीनं कापडावरून काहीतरी काढत होता. झटकायचा, परत काढायचा.

"या कापडाला काळे दोरे कुठून लागले? निघता निघत नाहीत."

मी वाकून बघितलं. कापड स्वच्छ होतं. समोर बसलेली गिऱ्हाईक बाई म्हणाली, "मास्तर, काही नाहीये तिथे."

"नाही कसं? हे काय, हलतंय."

त्यानं कापड उलटं केलं. उजेडात धरलं. मग कापड बाजूला ठेवून भिंतीकडे बघितलं. दोरे भिंतीवरही होते. त्यानं उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला, आणि मशीनच्या टेबलावर दोन्ही हात टेकवले. डबा उघडलाच नाही. संध्याकाळपर्यंत डाव्या डोळ्यापुढे तपकिरी पडदा आला होता.

अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्यात झालेलं, ते डॉक्टर ओळखीचे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो. अक्का सोनगीरहून आली होती. मी वही बरोबर घेतली होती. डॉक्टरांना सगळं नीट सांगता यावं म्हणून. मला वाटत होतं, अशी टापटीप वही बघून ते खूश होतील.

डोळ्यात थेंब टाकले, वाट बघायला लावली, मग अंधारात बराच वेळ तपासलं. दिवा लावल्यावर डॉक्टरांनी नर्सला बोटातलं रक्त तपासायला सांगितलं. आकडा चारशेच्या पुढे आला. डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून आहे. आम्ही दोघांनी एकदम सांगितलं, नाही, शुगर नाही. मग मी वही पुढे केली.

ते वाचत होते. पानं सावकाश उलटत होती. मी मधे मधे समजावून सांगायला गेले, त्यांनी हातानं थांबवलं.

"पाणी सोळा ग्लास?"

"हो." माझ्या आवाजात अजून अभिमान होता, तो मला आठवतो.

"कंबर दोनदा आत घेतली?"

"हो."

"लघवीला वारंवार?"

"पाणी पितात ना एवढं."

"बाथरूममध्ये मुंग्या येतात का?"

वहीत मुंग्यांची नोंद नव्हती. पण घरी फ्रिजवर किराण्याची यादी असते, आणि फेब्रुवारीपासूनच्या प्रत्येक यादीत मी मुंग्यांची पावडर लिहिली होती. चार महिने, चार वेळा. साबणही बदलून पाहिला होता. मी म्हटलं, येतात.

डॉक्टरांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ताई, तुम्ही सगळं लिहिलंय," ते म्हणाले. "मला विचारायला काही शिल्लकच ठेवलं नाहीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी ते नंतर खूप जणांना सांगितलं आहे, म्हणून पाठ आहे. रक्तातली साखर फार वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं. भिंग फुगलं की नंबर सरकतो. चाळिशीवाल्या माणसाला तेव्हा जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं आणि लांबचं पुसट होतं. लोकांना वाटतं, डोळे सुधारले. जास्तीची साखर लघवीतून जाते, म्हणून तहान, म्हणून बाथरूममध्ये मुंग्या. साखर यांच्या अंगात जुनीच असणार, काही वर्षांची, दबलेली. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आतल्या आत खराब होत होत्या. त्यात खडीसाखर, मोरावळ्याचा पाक, दूध, रोज, दोन वेळा, एकही दिवस न चुकता. आणि जानेवारीत नोटीस वाचता आली तेव्हाच कुणी बोटातलं रक्त तपासलं असतं, तर हा डोळा बहुतेक वाचला असता.

न चुकता. वहीत एकही दिवस रिकामा नाही. आजारपणाचं एवढं नीटनेटकं संगोपन कुणी केलं नसेल.

नवरा खुर्चीत बसून ऐकत होता. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, नजर कुठेच नाही. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी सुई ओवली ती रोगानं."

बाहेर आल्यावर अक्कानं माझ्या हातातली वही घेतली आणि पिशवीत खाली कोंबली. "घर जाईसन जाळी टाक ही." मी जाळली नाही. मी वस्तू जाळत नाही.

पुढचे महिने गोळ्या, इंजेक्शनं, लेझर. उजवा डोळा सावरला. डाव्या डोळ्याच्या मधोमध डाग राहिला. बाजूनं दिसतं, ज्याच्याकडे बघायचं ते दिसत नाही. साखर उतरत गेली तशी भिंगाची सूजही उतरली आणि जवळचं परत पुसट झालं. आठवड्या-आठवड्यानं. कोठीत जमा केलेला चष्मा मी काढून दिला, तो आता पुरत नव्हता. एका रविवारी सवयीनं पेपर समोर धरून तो म्हणाला, "बरं होत चाललोय तसं दिसेनासं होतंय, मॅडम. हेही लिही."

तो चेष्टाच करत होता. त्यानं मला कधी बोल लावला नाही. लोक सांगतात, किती चांगला माणूस. मला तो चांगुलपणा रोज जेवताना समोर दिसतो.

शिबिरवाल्यांच्या कागदावर फोन नंबर होता. मी लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सूर्यदर्शन रोज होत होतं का? मी म्हटलं, रोज. मग म्हणाल्या, काहींची प्रकृती साथ देत नाही, श्रद्धा ठेवा. मी फोन ठेवला. त्या बाईंवर संतापायचा मला काय हक्क होता? त्यांच्यापेक्षा जास्त लोकांपर्यंत मी पोचले होते, आणि मोफत.

मग मी यादी केली. कुणाकुणाला सांगितलं, कुणी फोटो मागितला, कुणी पूड दळून नेली. त्रेसष्ट नावं. एकेकाला फोन लावला. साखर तपासा, एवढंच सांगायचं होतं. उत्तरं अशी आली:

"तुमच्या मिस्टरांना सूट झालं नसेल, आम्हाला होतंय हो."

"मग खडीसाखरेऐवजी गूळ घालू का?"

"आमच्याकडे कुणालाच शुगर नाही." तपासली का? "नाही, पण नाहीच आहे."

"तुम्हीच सांगता घ्या, तुम्हीच सांगता नका घेऊ. आम्ही करायचं तरी काय?"

कॉलनीच्या ग्रुपवर मी सविस्तर लिहून टाकलं. त्याखाली दोघींनी हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि त्याखाली तिसरीनं माझंच जुनं वेळापत्रक परत टाकलं, माझंच अक्षर, फक्त वरच्या कोपऱ्यात कुणीतरी फुलं चिकटवली होती. बेचाळीस जणांनी ऐकून घेतलं. नऊ जणांनी रक्त तपासलं. माझ्या यादीत आता तीनच रकाने आहेत: ऐकले, तपासले, काय निघाले.

शेवटून तिसरं नाव होतं पिंपळनेरच्या एका मुलीचं. ती पाच वर्षं आमच्या वसतिगृहात होती. सकाळी सर्वांत आधी अंथरुणाची घडी घालणारी, सांगितलेलं काम तंतोतंत करणारी. अशा मुलींना मी इतरांपुढे उभं करायची. आता तिथेच सासर, सासऱ्यांची शेती. माझा आवाज ऐकून तिला आनंद झाला.

"मॅडम, मी तुम्हाला फोन करणारच होते. आमच्या आबांचा चष्मा सुटला!"

मी विचारलं, "पाणी किती पितात आबा?"

"भरपूर पितात की. तुम्हीच लिहिलंय ना, भरपूर प्यावं."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण मधेच हसली. "मॅडम, आबा दवाखान्याच्या पायरीला पाय लावत नाहीत. आणि आता तर बोलूच नका, गावभर सुई ओवून दाखवतात."

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं. तो पडद्याला रिंगा लावत होता. रिंगा मोठ्या असतात, बोटांना कळतात. हातातलं काम संपवून म्हणाला, "उद्या जाऊ."

"तुम्ही कशाला? उन्हातान्हात दोन बस बदलायच्या."

"संक्रांतीला दाखवलंस ना मला सगळ्यांना? आताही दाखव."



दुसऱ्या दिवशी धुळ्यावरून पिंपळनेरला पोचलो. आबा ओट्यावर बसले होते. साठीचे, उंच, सदरा अंगावर लोंबत होता. नवऱ्यानं त्या सदऱ्याच्या खांद्याला हात लावून शिवण चाचपली. खांदा चार बोटं खाली उतरला होता. आमच्या दोघांच्या मनात एकच आलं.

नवऱ्यानं आपली हकिगत सांगितली. थोडक्यात, न रडता. मग खिशातून सुई आणि काळा दोरा काढला. "आबा, संक्रांतीला मी चाळीस बायकांसमोर ओवला होता. आता बघा."

चष्मा लावून, मान तिरकी करून तो ओवायला लागला. दोरा सुईच्या बाजूनं जायचा. ओला करून पुन्हा. सुई जरा लांब धरून पुन्हा. गल्लीतली दोन माणसं येऊन उभी राहिली होती, ती हळूच दुसरीकडे बघायला लागली. मी बघत राहिले. मला दुसरीकडे बघण्याची मुभा नव्हती.

आबांना राहवलं नाही. "आण इकडे भाऊ," म्हणत त्यांनी त्याच्या हातातून सुई घेतली, दोरा घेतला, आणि चष्म्याशिवाय, एका दमात ओवला. सुई वर धरून दाखवली. उभी असलेली माणसं हसली. आबाही हसले, सगळे दात दाखवून.

"आते सांगा, डोळा कोना चांगला?"

"तुमचेच, आबा," नवरा म्हणाला. "माझेही असेच होते."

सुनेनं चहा आणला. गोड, दाट. मी कप खाली ठेवला आणि तिला विचारलं, बाथरूम कुठे आहे. मागच्या अंगणात होतं. दार उघडलं आणि मला आत पाऊल टाकायची गरजच पडली नाही. कोपऱ्यातून निघालेली काळी रांग मोरीपर्यंत गेली होती. कडेला पांढऱ्या पावडरीची रेघ होती, ताजी.

सून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "या मुंग्या जातच नाहीत, मॅडम. रोज पावडर टाकते."

"कधीपासून?"

ती उत्तर देणार होती. मग तिनं मोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सांगितलेलं तंतोतंत ऐकणारी मुलगी. फोनवर मी मुंग्यांबद्दलही सांगितलं होतं. तिचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

ती पुढे ओट्यावर गेली. आवाज चढवला नाही, पण मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आबा, चपला घाला. दवाखान्यात जायचंय."

"काय झाले? कोन आजारी शे?"

"चपला घाला."

आबांनी आमच्याकडे, तिच्याकडे पाहिलं आणि कुरकुरत पायानं चपला शोधायला लागले. हातात अजून ती ओवलेली सुई होती. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. नवऱ्यानं तळहात पुढे केला. आबांनी सुई त्यावर ठेवली, आणि नवऱ्यानं ती न बघता, तीस वर्षं खोचत आला तशी, स्वतःच्या कॉलरच्या आतल्या बाजूला खोचून टाकली.